लोण्याशेजारी

फ्रिजमध्ये लोण्याशेजारी अकरा दिवस पडून आहे ते पेन.
खोक्यावर माझं नाव, एक अक्षर चुकवून:
देओलिंडा फुर्तादु, वय एकसष्ट,
आठवड्यातून एकदा, पोटाला.

पहाटे तीनला फॉल रिव्हरच्या या गल्लीत
जागी असते फक्त माझी भट्टी
आणि बर्फ ढकलणारी नगरपालिकेची गाडी.
मी लोणी काढते, पेन सरकवते,
अंडी काढते, पेन सरकवते.
दारात आलेल्या पाहुण्याला
बसा म्हणावं की नाही, ते ठरत नसल्यासारखी.

डॉक्टर कोवाल्चिक भला माणूस.
कागदावर रेघ ओढून म्हणाला,
"तीन महिन्यांची साखर इथे. तुम्ही हव्यात इथे."
आठ पूर्णांक नऊ.
माझ्या मापात एवढी चूक
मी पोऱ्यालाही माफ करत नाही.
"या औषधानं भूक मंदावेल," म्हणाला,
बक्षीस जाहीर करावं तसं.

त्याला कसं सांगू,
चाळीस वर्षं मी भुकेच्याच जिवावर भट्टी चालवली.
घड्याळ भिंतीवर आहे, पण
पाव झाला, हे मला
दाढेखाली सुटलेलं पाणी सांगतं.
लिंबाची साल अजून चिमूटभर हवी
हे कुठल्या वहीत लिहिलंय?

नतालिया आठ महिने घेतेय.
जिना चढते आता, मधे न थांबता.
पहिले दोन महिने उशाशी बादली होती, ते ती हसत सांगते.
पण पवित्र आत्म्याच्या सणाला
सूपच्या कढईपुढे, पुदिन्याच्या वाफेत
ती उभी होती परक्याच्या लग्नात उभं राहावं तशी.
"वाईट लागतंय का गं?"
"वाईट नाही," म्हणाली,
"लागतच नाही काही."

आणि माझा भाऊ अमांदियू.
न्यू बेडफर्डच्या बोटींवर उभा जन्म काढला,
डाव्या पायाची दोन बोटं गेली.
बूट अर्ध्या किमतीत द्या, म्हणून दुकानदाराशी भांडतो,
आणि घरी आल्यावर
मोजा काढू देत नाही कुणाला.

आई बेटावर काचेची सिरिंज उकळायची.
त्या पातेल्यात आम्ही दूध कधी तापवलं नाही.
घेऊ की नको, असं तिनं कुणाला विचारलेलं आठवत नाही.
मला विचारता येतंय,
तेही विमा कंपनीच्या मेहेरबानीनं:
मार्चपर्यंत मंजूर, पुढचं पुढे.
पुढची किंमत वाचून मी चष्मा पुसला,
पुन्हा वाचली. तीच होती.
"मधेच थांबवलं तर?"
"भूक परत येते," डॉक्टर म्हणाला.
कुठे जाऊन येते ती?

काल गल्ला मोजून झाल्यावर
जुना दोन पारड्यांचा तराजू खाली काढला.
एकीकडे पेन. दुसरीकडे एक अंडं.
अंड्याचं पारडं ठक्कन खाली.
मग मनात आलं,
अमांदियूची दोन बोटं किती भरली असती,
आणि मी घाईघाईनं पीठ चाळायला घेतलं,
चाळलेलंच पुन्हा.

आज केयलाला हाक मारली.
एकोणीस वर्षांची पोर, केप व्हर्दची,
कानात सदा गाणी.
"काढ ते. डोळे मीट. हा तुकडा खा आणि सांग."
"छान आहे."
"छान गिऱ्हाईक म्हणतं. तू सांग."
ती चघळत राहिली. "मीठ?"
"नाही."
"मग लिंबू... लिंबू जास्त?"
"परत खा."
तिसऱ्या तुकड्याला तिच्या कपाळावर आठी पडली,
माझ्या कपाळावर आहे त्याच जागी.
मी काही बोलले नाही.

सोमवारी दुकान बंद असतं.
खोक्यातल्या कागदावर लिहिलंय:
टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा.

लोण्यालाही तेवढाच वेळ लागतो.